परतीची वेळ कोण ठरवतं?

(किनारपट्टीवरच्या महिला गटांच्या कार्यकर्ती-शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'सहलीचे नियोजन' असं छापलं आहे. ते वाचून काहीजणींना वाटलं असेल की आता ही बाई गाडी कुठली, डबे किती, वर्गणी किती, ते सांगणार. तेही येईल बोलण्यात. पण आमची सहल शिडाच्या होडीतून होती. मुंबई बंदरातून मांडव्याला जायचं आणि परत यायचं. इंजिन अडीअडचणीपुरतं. अशा सहलीला डब्यांच्या आधी पाण्याचा आणि वाऱ्याचा हिशेब करावा लागतो. तो करता करता आमच्या गटात जे काही निघालं, ते तुमच्यापुढे ठेवायला आले आहे. तुमच्यातल्या बऱ्याचजणी पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडच्या आहात, समुद्र तुम्हाला माझ्यापेक्षा जवळचा आहे. कुठे खटकलं तर मध्येच थांबवा.

आधी गटाबद्दल. समुद्राला लागून असलेल्या एका वस्तीत मी सात वर्षं काम करते. गटात चौदा बायका. निम्म्या घरकामाला जाणाऱ्या, चारजणी मासे विकणाऱ्या कोळणी, दोघी शिवणकाम करतात, एक अंगणवाडीत आहे. सगळ्यांना रोज समुद्र दिसतो. समुद्रावर मात्र कुणी गेलेली नव्हती. कोळणीसुद्धा नाहीत. मासळी उतरली की ती निवडायची, टोपली भरायची, बाजारात विकायची, हिशेब ठेवायचा, जाळ्याच्या कर्जाचा हप्ता भरायचा, हे सगळं बाईचं. होडी पुरुषांची. होडीच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात. एकदा बैठकीत मी विचारलं, बाई तांडेल असेल तर काय म्हणायचं? 'तांडेलीण' असं उत्तर आलं आणि लगेच हशा पिकला, कारण तांडेलीण म्हणजे तांडेलाची बायको. पाटलीण, मास्तरीण, तसंच.

सहलीची कल्पना माझी नव्हती. होड्या चालवायला शिकवणारी एक ताई वस्तीतल्या मुलींच्या कार्यक्रमाला आली होती. तिच्याकडे सात मीटरची शिडाची होडी आहे. ती म्हणाली, पाचजणी एका वेळी या, मी आणि माझी एक विद्यार्थिनी असू, पुरुष कुणी नको. एवढं ऐकल्यावर थांबतंय कोण!

पहिली सूचना आली कोजागरीची. चांदणं, मसाला दूध, समुद्र. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क मावशी, साठी ओलांडलेल्या, जन्मभर मासळी विकलेल्या, त्या तेवढ्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पुनवेला? पानी अंगावर घेऊन जाणार, आनी अंगावर घेऊनच येणार."

ताईने त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि वही उघडली.

मावशींचा हिशेब असा. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती, दुपारी आणि पहाटे. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्षाला जे, तेच वद्य पक्षाला. कोकणात हे बऱ्याच घरांतून माहीत असतं. तुमच्यातही माना हलताना दिसताहेत. हे का जमतं? रोजची भरती आदल्या दिवशीपेक्षा सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा येते, आणि पाऊण तास त्याच्या जवळच आहे. हिशेब ढोबळ आहे. अष्टमी-नवमीच्या सुमाराला तो तासभरही चुकू शकतो. दक्षिणेकडे जाल तशी भरती मुंबईच्या आधी येते आणि पाण्याचा चढउतारही कमी होत जातो. म्हणून छापील कोष्टक पाहायचंच. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी ही कोष्टकं काढतं, मुंबईसाठी अपोलो बंदरच्या वेळा असतात.

पण मावशींनी ही विद्या कुठे वापरली? होडीवर नव्हे. उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, सुकतीला पाणी सगळ्यात आत जातं, ते साधारण पहाटे सहाला आणि दिवेलागणीला. त्या वेळी खडकावरची कालवं फोडायला, चिखलातल्या तिसऱ्या काढायला बायका जातात. पाठीमागून पाणी कधी भरायला लागेल हे ज्या बाईला कळत नाही, ती तिथे अडकते. म्हणजे ही विद्या जीव सांभाळणारी आहे. तरी मावशींनी कधी म्हटलं नव्हतं की मला समुद्रातलं कळतं. त्यांच्या मते ते 'तिसऱ्यांचं' होतं, समुद्रातलं काय ते नवऱ्याला कळत होतं.

आता कोजागरी का नको, ते पाहा. गेटवेपासून मांडवा साधारण साडेसात सागरी मैल, म्हणजे तेरा-चौदा किलोमीटर, दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे. भरतीचं पाणी बंदरात शिरतं, ओहोटीचं बंदराबाहेर जातं. म्हणजे मांडव्याला जाताना ओहोटी हवी आणि येताना भरती. पौर्णिमेला दुपारी बारापर्यंत भरती. सकाळी निघालं तर पाणी समोरून. बारानंतर ओहोटी लागते ती संध्याकाळी सहापर्यंत. दुपारी परत फिरलं तरी पाणी समोरून. आणि ते पाणी भांगाचं नाही, उधाणाचं. मुंबईला साधारण उधाणाला पाणी साडेतीन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, भांगाला जेमतेम दीड मीटर. जास्त पाणी तेवढ्याच सहा तासांत हलायचं म्हणजे ओढ जास्त. हलक्या वाऱ्यात आमची होडी तासाला साडेतीन सागरी मैल जाईल. समोरून दोन मैलांची ओढ असली तर हातात राहतात दीड. सव्वादोन तासांच्या वाटेला पाच तास. रात्रीच्या भरतीवर परत यायचं म्हटलं, तर मोठ्या जहाजांनी गजबजलेल्या बंदरातून, पहिल्यांदाच होडीत बसलेल्या पाचजणींना घेऊन, काळोखात. ताई नाही म्हणाली.

त्यात आश्विन महिना. पाऊस गेला असं आपण म्हणतो, पण अरबी समुद्रातली वादळं पावसाळ्याच्या आगेमागेच येतात. फयान आलं ११ नोव्हेंबर २००९ ला, निसर्ग ३ जून २०२० ला, तौक्ते मे २०२१ मध्ये. इथे अशा घरांतल्या बायका बसल्या आहेत ज्यांना या तारखा मी सांगायला नकोत. म्हणून ठरलं, डिसेंबर ते फेब्रुवारी.

पाणी किती वाजता किती सरकतं, हे ताईने आम्हाला पावलीच्या हिशेबासारखं शिकवलं. सहा तासांतल्या चढाचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चढ ३.६ मीटर असेल तर तीस, साठ, नव्वद, नव्वद, साठ, तीस सेंटिमीटर. मधल्या दोन तासांत अर्धं पाणी हलतं, ओढही तेव्हाच सगळ्यात जास्त. आमच्या होडीला पाण्याखाली सव्वा मीटर जागा लागते, तेव्हा उथळ जागी हा हिशेब उपयोगी. अंगणवाडीच्या ताईंनी तो फळ्यावर मांडला आणि सातवीपर्यंत शिकलेल्या बायकांनी तो पाच मिनिटांत पकडला. ज्या बाईने भिशीचं व्याज तोंडी काढलं आहे, तिला बाराचे भाग अवघड कसे जातील?

मग वारा. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, ते इथे उपयोगाला आले. हिवाळ्यात पहाटेपासून जमिनीकडून हलका वारा येतो, पूर्वेकडून-ईशान्येकडून. दहाच्या पुढे तो पडतो. तासभर शीड नुसतं लोंबतं. मग अकरा-बाराला समुद्राकडचा वारा सुरू होतो आणि दुपारी तीन-चारला तो जोरात असतो, वायव्येकडून. म्हणजे सकाळी मतलईवर आणि ओहोटीवर जायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यात आणि भरतीवर यायचं. येताना वारा जवळजवळ तोंडावरच. वाऱ्याच्या थेट तोंडावर होडी जात नाही, नागमोडी काढावी लागते, म्हणून वेळ लागतो. आणि त्या वेळी पाणी बाहेर जाणारं असेल तर वाराही समोरून, पाणीही समोरून, आणि होडी पुढे सरकणं कठीण. पौर्णिमेच्या दुपारी नेमकं तेच झालं असतं.

आता सांगा, सकाळी साडेसातला भरती पूर्ण आणि दुपारी दीडला ओहोटी पूर्ण, अशी तिथी कुठली? पाऊणपट साडेसात. दशमी. त्यात दशमी भांगाच्या बाजूची, पाण्याला ओढ कमी. शिकाऊ बायकांना याहून चांगली तिथी नाही. एकादशीही चालली असती, पण निम्म्याजणींचा उपास, आणि रिकाम्या पोटी होडी लागते. एकीने सुचवलं की उपास सोडू. दुसरी म्हणाली, समुद्रासाठी एकादशी मोडली तर घरी काय सांगू? दशमीच ठरली.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मी फळ्यावर तीन रकाने केले होते. पाणी, वारा, आणि तिसरा, 'घरी कधी पोहोचायचं'. एम. एस. डब्ल्यू.ला कार्यक्रम-नियोजनाचे तक्ते करायला शिकवतात. त्यात उद्दिष्टं असतात, अपेक्षित फलनिष्पत्ती असते, हा रकाना नसतो. पहिल्या दोन रकान्यांना जोडून निघत होतं की मांडव्याहून पावणेदोनला निघायचं, भरती सोबत घेऊनही तीन-साडेतीन तास धरायचे, म्हणजे गेटवेला पाच-साडेपाच, घरी साडेसहा-सात. तिसऱ्या रकान्यात काय आलं? 'मुलं शाळेतून यायच्या आत.' 'चारला पाणी येतं, भरायला मीच असते.' 'पाचच्या कामावर जायचंय.' 'सासूबाईंच्या गोळ्या.' 'अंधाराच्या आत, नाहीतर पुढच्या वेळी सोडणार नाहीत.' सगळ्यात लवकरची वेळ होती चार.

होड्यांच्या बाबतीत एक गोष्ट ताईने सांगितली, ती माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. वाऱ्याने होडी बुडण्यापेक्षा, अमुक वाजता पोहोचायलाच हवं म्हणून नको त्या वाऱ्यात निघालेली होडी बुडते. हवा वाईट दिसत असते, सगळ्यांना दिसत असते, पण कुणाला तरी वेळ दिलेली असते. मला हे ऐकताना आपल्या बायकांची सगळी धावपळ दिसली. चालत्या लोकलमध्ये चढणारी, रुळावरून जाणारी, ताप अंगावर काढणारी. तिलाही धोका दिसत असतोच.

कुणी म्हणेल, बायका जगाला वळसा घालून आल्या, तुमचं मांडव्याचं काय कौतुक? खरं आहे. १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'वरून निघाल्या, लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख, आणि २१ मे २०१८ ला पृथ्वी प्रदक्षिणा करून परतल्या. पुढे २०२४-२५ मध्ये त्याच होडीवरून दिलना आणि रूपा या दोघींनीच ती केली. त्यांच्या धाडसाला तोड नाही. आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "त्यांना आठ महिने सुट्टी कुणी दिली?" ते त्यांचं कामच होतं, हुकूम होता, पगार चालू होता. आमच्या बायकांना अकरा तास हवे होते आणि त्यासाठी कुणाचाच हुकूम नव्हता.

यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. आमच्या सोयीची दशमी बुधवारी येत होती. घरकामाच्या दोघींचा खाडा होणार, पगार कापला जाणार. गटाच्या शिल्लक रकमेतून त्यांना एका दिवसाची मजुरी द्यायची का, यावर मोठी वादावादी झाली. "आजारपणाला ठेवलेले पैसे मौजेला?" असा प्रश्न आला. मी ठरवून बोलले नाही, निर्णय त्यांचा. शेवटी नऊ विरुद्ध पाच मतांनी द्यायचे ठरले. माझं मत विचाराल तर बरोबर ठरलं. बाईची मौज हा खर्चाचा रकाना आपल्या कुठल्याच गटाच्या वहीत नसतो.

दुसरी गोष्ट, परत न येण्याची सोय. साडेअकरापर्यंत मांडवा आलं नाही तर जिथे असू तिथून फिरायचं. अडीचपर्यंत मांडव्याहून निघता आलं नाही तर शिडाने यायचंच नाही, लाँचने यायचं. लाँचच्या तिकिटाचे पैसे प्रत्येकीच्या पाकिटात वेगळे घालून दिले. वाऱ्याचा अंदाज तासाला पंधरा सागरी मैलांच्या वर असेल तर सहल रद्द. हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस'चा लाटांचा अंदाज आदल्या रात्री आठला पाहायचा आणि सकाळी जेट्टीवर पुन्हा. आणि आमच्यातली कुणीही एकजण 'नको' म्हणाली तर नको. कारण विचारायचं नाही.

लाइफ जॅकेटबद्दल दोन शब्द. ते जेट्टीवर घालायचं, बोटीत बसल्यावर नाही, आणि समुद्र कितीही शांत असला तरी घालायचं. रामदास बोट १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली ती पावसाळी दर्यात, सहाशेहून जास्त माणसं गेली, कोकणात हे घरोघरी माहीत आहे. पण १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या फेरीबोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली ती भर दिवसा. आमच्यातल्या एकीलाच पोहता येत होतं. जॅकेटचा एक पट्टा पायांमधून जातो. पाचवारीवर तो बसेना, पंजाबीवर बसला, आणि सगळ्यात छान बसला तो मावशींच्या गुडघ्यापर्यंतच्या कासोट्यावर! आणि लघवी. हसू नका, यावरच आमच्या दोन बैठका गेल्या. बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत, मग डोकं दुखतं, मळमळतं, आणि म्हणतात होडी लागली. झाकणाची बादली आणि जुनी चादर, एवढ्यावर प्रश्न सुटला.

बुधवारी सकाळी पावणेआठला निघालो. जाणं ठरल्यासारखं झालं. दहानंतर वारा पडला, ओहोटीने आम्हाला हळूहळू खाली नेलं, अकराला मांडव्याला नांगर टाकला. वल्हं, सुकाणू, शिडाची दोरी, सगळं प्रत्येकीने हातात घेतलं. दुपारी एकलाच वारा चढला. अंदाजापेक्षा जास्त. दीडला लाटांच्या माथ्यावर सगळीकडे फेस दिसायला लागला. ताई म्हणाली, मला जमेल, पण तुम्ही सांगा. आमच्यातल्या एका तरुण मुलीने घरी पाचची वेळ दिली होती. ती म्हणाली, निघू या. मावशी पाण्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "नको, बाय." नियम झाला होता, कारण कुणी विचारलं नाही. अडीचपर्यंत वारा उतरतो का पाहिलं. नाही उतरला. चारची लाँच मिळाली. ताई आणि तिची विद्यार्थिनी होडीवरच थांबल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन आल्या.

ती मुलगी घरी पोहोचली सातला. दार आतून बंद होतं. रात्री नऊपर्यंत ती शेजारी बसून होती, तेव्हा उघडलं. नवऱ्याचं म्हणणं, "लाँचनेच यायचं होतं तर होडीने गेलीस कशाला?" वेळ सांगू नका, असं बैठकीत ठरलं होतं, मग हिने का सांगितली, असं गटातल्या काहीजणी म्हणाल्या. मला हे मान्य नाही. पाच म्हटलं नसतं तर तिला सकाळी उंबऱ्याबाहेर पडता आलं नसतं. तिने दिलेली वेळ ही परवानगीची किंमत होती.

त्यानंतरच्या खेपेआधी आम्ही पाचही घरी गेलो, तिघी-तिघींनी. नवरा, सासू, मोठा मुलगा, जो घरात निर्णय घेतो त्याच्यापुढे भरतीचं कोष्टक ठेवून सांगितलं, की परतायची वेळ पाणी आणि वारा ठरवेल, काळोखाच्या आत यायचा प्रयत्न असेल, नाही जमलं तर लाँच आणि फोन. मुलांना शेजारच्या गटसदस्या पाहतील. एका सासऱ्यांनी कोष्टक हातात घेऊन तिथीशी पडताळून पाहिलं आणि सुनेला म्हणाले, बरोबर आहे, जा. एका घरात चहाही मिळाला नाही आणि ती बाई आली नाही. दारात बसवलेली मुलगीही दुसऱ्या खेपेला आली नाही. तिच्या घरी आम्ही जातो, बोलणं चालू आहे, तीही बैठकीला येते. पण होडीचं नाव काढत नाही आणि आम्हीही काढत नाही.

दुसरी खेप पुढच्या महिन्याच्या दशमीला झाली. वारा बेताचा होता, शिडानेच परत आलो, सव्वापाचला गेटवे. येताना पाऊण तास सुकाणू मावशींच्या हातात होतं. लाँचवरचे खलाशी हात करत होते, कौतुकाने की चेष्टेने, कळलं नाही.

तुमच्या गटांना असं काही करायचं असेल तर शिकवणारी माहीतगार बाई शोधा, नसली तर ज्याच्याकडे परवाना आणि जॅकेटं आहेत असा नावाडी. पहिल्या खेपेला खाडीच्या आतच जा, बाहेर नको. मी यंदाची कोष्टकं आणली आहेत. चहानंतर जिल्हावार बसू, आपापल्या बंदराची दशमी काढू, आणि फळ्यावर तिसरा रकाना तुमच्यातलीच कुणी भरेल.